पाहुण्याचे नाव: लक्षात कसे ठेवावे आणि कसे घ्यावे

तुमच्या प्रश्नात दोन अडचणी आहेत. तारकर्लीजवळच्या बारा खोल्यांच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला रुजू होऊन तुम्हाला थोडेच दिवस झाले आहेत आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेले नावही तासाभरात डोक्यातून जाते, ही पहिली. मालकांचा आग्रह सरसकट 'सर' आणि 'मॅडम'चा आहे, स्वयंपाकघरातील मंडळी मात्र येईल त्याला 'काका' आणि 'काकू' म्हणतात, त्यावरून पुण्याच्या एक बाई नाराज झाल्या, तेव्हा नेमके काय म्हणावे, ही दुसरी. मुंबईतील मोठ्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये मी बराच काळ काम केले आहे आणि आता किनाऱ्यावरच्या लहान हॉटेलांतील नव्या मुलामुलींना हेच काम शिकवते. माझ्या मते या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: नाव ही आयत्या वेळी आठवायची किंवा अंदाजाने ठरवायची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक काम पाहुणा दारात येण्यापूर्वी करायचे असते आणि उरलेले त्याला विचारून.

नाव विसरणे हा तुमचा खास दोष नाही. चेहरा, गाव, व्यवसाय लक्षात राहतो आणि नाव तेवढे निसटते, हा अनुभव सर्वांचाच आहे. १९८७ मध्ये ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचे आडनाव आणि व्यवसाय सांगण्यात आला, आणि काही शब्द मुद्दाम असे घेतले की ते कधी आडनाव म्हणून, तर कधी व्यवसाय म्हणून सांगता येतील. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून सांगितला तर तो अधिक आठवला आणि आडनाव म्हणून सांगितला तर कमी. आपल्याकडे हे पटायला वेळ लागणार नाही. 'हे सुतार आहेत' असे म्हटले की रंधा, करवत, लाकडाचा भुसा असे काहीतरी मनात उभे राहते. 'यांचे आडनाव सुतार आहे' असे म्हटले की काहीच उभे राहत नाही, कारण हे सुतार कदाचित बँकेत असतील. नावाला अर्थाचा आधार नसतो, म्हणून तो आपल्याला द्यावा लागतो.

दुसरे कारण अधिक व्यवहारातले आहे. बहुतेक वेळा नाव विसरले जात नाही, ते मुळात आत गेलेलेच नसते. माणसे गोलाकार बसून पाळीपाळीने शब्द वाचत असतील, तर स्वतःची पाळी येण्याच्या अगदी आधी वाचलेले शब्द प्रत्येकाला सर्वांत कमी आठवतात, असे १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर या संशोधकाने दाखवले होते. पुढे आपल्याला बोलायचे आहे या विचारात कान बंद होतात. काउंटरवर नेमके हेच होते. पाहुणा नाव सांगत असतो आणि आपण मनात ओळखपत्र मागणे, खोलीची किल्ली, नाश्त्याची वेळ आणि गाडी कुठे लावायची याची जुळवाजुळव करत असतो. त्यामुळे माझी पहिली सूचना अगदी साधी आहे: नाव ऐकताना हातातले पेन खाली ठेवा, पाहुण्याकडे पाहा, ऐकलेले नाव एकदा मोठ्याने उच्चारा आणि मगच लिहायला घ्या. 'नमस्कार, मी अमुक, या हॉटेलात फ्रंट ऑफिस पाहते' असे स्वतःचे नाव आधी सांगितले तर आणखी चांगले. समोरची व्यक्ती मग आपले नाव नीट आणि सावकाश सांगते.

खरी तयारी मात्र आदल्या संध्याकाळची. उद्या येणाऱ्यांची यादी तुमच्याकडे असतेच. बारा खोल्यांच्या हॉटेलात ती पाच-सहा नावांच्या पलीकडे क्वचितच जाते. ती मोठ्याने वाचा आणि ज्या नावाच्या उच्चाराबद्दल शंका आहे त्यावर खूण करा. आपल्या आरक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नावे रोमन लिपीत येतात आणि रोमन लिपीला आपल्या ट-ठ-ड-ण-ळची कदर नाही. तेच स्पेलिंग काळे किंवा काले, काणे किंवा काने, गोळे किंवा गोले असे कसेही वाचता येते. आडनावाचा चुकीचा उच्चार करण्यापेक्षा ते न घेतलेले बरे, कारण आपल्या नावाला कान फार तिखट असतो: १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी केलेल्या प्रयोगात दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकत त्यांपैकी एकाकडेच लक्ष लावून बसलेल्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना दुर्लक्षित कानात आलेले स्वतःचे नाव तेवढे ऐकू गेले होते. मराठी पाहुण्यांच्या बाबतीत एक सोपी सोय आहे. महाराष्ट्रात काढलेल्या आधार कार्डावर इंग्रजीसोबत देवनागरीतही नाव असते, ते पाहून घ्या. त्यातही अधूनमधून चुका सापडतात, म्हणून शंका असेल तर सरळ विचारा, 'आडनाव काळे असेच ना?' या प्रश्नाने कोणी दुखावल्याचे मी पाहिलेले नाही. बरोबर उच्चार कळला की तो रजिस्टरच्या शेऱ्यात देवनागरीत लिहून ठेवा. संध्याकाळच्या पाळीतील सहकाऱ्याला तो लागणार आहे. (ओळखपत्राच्या प्रतीसाठी शेवटचे चार अंक तेवढे दिसणारे आधार कोणी दिले, तर त्यावर वाद घालू नका. ती सोय आधार प्राधिकरणानेच दिलेली आहे.)

नावाला अर्थाचा आधार देण्याच्या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे, कारण आपली कितीतरी आडनावे गावांची आहेत. चिपळूणकर, पेडणेकर, सांगलीकर, देवरुखकर ही नावे ऐकताच गाव डोळ्यांपुढे आणा आणि त्या पाहुण्यांना त्या गावातल्या रस्त्यावर उभे करा. प्रसंग साजेसा असेल तर 'मूळ देवरुखचे का?' असे विचारावे. उत्तर 'हो' आले तरी आणि 'नाही हो, आमच्या चार पिढ्या मुंबईत' असे आले तरी, नावाभोवती एक गोष्ट तयार होते आणि गोष्ट विसरली जात नाही. हा प्रश्न गावापुरताच ठेवावा, आडनावावरून जातीकडे वळणारी चौकशी हॉटेलच्या काउंटरवर कधीही करू नये. पाटील, कुलकर्णी, जोशी, शिंदे, जाधव या आडनावांची अडचण उलट असते. ती आठवतात, पण एकाच वेळी तीन पाटील मुक्कामाला असले की आडनावाचा काही उपयोग उरत नाही. अशा वेळी 'कोल्हापूरचे पाटील, सोबत आजी, सकाळी लवकर चहा' अशी ओळ रजिस्टरच्या आतल्या बाजूला असावी आणि बोलताना पाहुण्यांचे पहिले नाव आदराने जोडावे.

यानंतर येते उजळणी, आणि तिच्या वेळा महत्त्वाच्या आहेत. १९७८ मध्ये लँडॉअर आणि ब्योर्क या अमेरिकी संशोधकांनी नावे शिकण्यावरच प्रयोग केले. पहिली आठवण लगेच, पुढची थोड्या अंतराने, त्यापुढची आणखी मोठ्या अंतराने अशी उजळणी केली, तर एकाच वेळी दहादा घोकण्यापेक्षा नाव चांगले टिकते, असे त्यांना दिसले. आपल्या कामात हे आपोआप बसते: किल्ली देताना एकदा नाव घ्यावे, पाहुणे खोलीकडे गेले की मनात एकदा, सामान पोचल्याची खात्री करताना एकदा, आणि पाळी संपताना रजिस्टर न उघडता आज आलेली सगळी नावे खोलीवार आठवून मगच पडताळावीत. चुकले तरी आठवण्याचा प्रयत्न आधी आणि पाहणे नंतर, हा क्रम सोडू नये.

आता ज्या ठिकाणी अनुभवी माणसेही फसतात तिकडे वळते, ते म्हणजे नाव नक्की कोणाचे आणि त्यातला हाकेचा भाग कोणता. ऑनलाइन आलेल्या आरक्षणावर पैसे भरणाऱ्याचे नाव असते, राहणाऱ्याचे असेलच असे नाही. मुलगा बेंगळुरूहून आई-वडिलांसाठी खोली घेतो, आपण दारात वडिलांचे स्वागत मुलाच्या नावाने करतो आणि पहिल्याच क्षणाला त्यांना 'नाही, तो आमचा मुलगा' असे सांगावे लागते. कंपनीच्या आरक्षणावर तर कधी कधी ऑफिसातील आरक्षण करणाऱ्या कर्मचाऱ्याचेच नाव असते. आदल्या दिवशी तुम्ही पोचण्याची वेळ विचारायला फोन करताच. त्याच फोनवर 'राहायला कोण कोण येणार आहे, नावे सांगाल का?' हे विचारून ठेवले की हा प्रकार टळतो. त्या यादीत मुलांची नावेही घ्या. आठ वर्षांच्या मुलीला तिच्या नावाने हाक मारली की तिच्या आई-वडिलांना वेगळे स्वागत करावे लागत नाही. गाडीच्या चालकाचे नावही घ्या, त्यांची राहण्याची आणि जेवणाची सोय त्याच नावाने करा आणि त्यांना 'ड्रायव्हर' अशी हाक मारू नका.

नावाचा क्रम हा दुसरा खड्डा. आपल्याकडे सचिन रमेश तेंडुलकर म्हटले की रमेश हे वडिलांचे नाव आणि तेंडुलकर हे आडनाव, हे सांगावे लागत नाही. पण हाच साचा सगळ्या देशाला लावला की घोटाळा होतो. तमिळनाडूतील अनेकांना आडनावच नसते. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचे स्वतःचे नाव आनंद आहे, विश्वनाथन हे त्यांच्या वडिलांचे. त्यांना 'मिस्टर विश्वनाथन' म्हणणे म्हणजे वडिलांना हाक मारण्यासारखे झाले. सी. व्ही. रामन यांचेही स्वतःचे नाव शेवटचे. तेलुगू लोकांत घराण्याचे नाव पुष्कळदा आधी येते: पी. व्ही. नरसिंह राव यांच्यातील 'पी' म्हणजे पामुलपर्ती हे त्यांचे घराणे. त्यामुळे दक्षिणेकडील नावात आद्याक्षरे सोडून जो शब्द पूर्ण लिहिला आहे तो घ्यावा आणि पुढे 'सर', 'मॅडम' किंवा 'जी' लावावे. शीख पाहुण्यांमध्ये सिंग आणि कौर हे शब्द कुटुंबाचे आडनाव असतीलच असे नाही, म्हणून पती सिंग म्हणून पत्नी 'मिसेस सिंग' असे जोडू नये. आणि पगडी पाहून 'सरदारजी' म्हणणे ही हाक नव्हे, ते वर्णन आहे. मुस्लीम पुरुषाच्या नावातला पहिला शब्द मोहम्मद असेल, तर हाकेचे नाव बहुतेक वेळा त्यापुढचे असते. गुजराती पाहुण्यांना पहिल्या नावापुढे भाई किंवा बेन लावलेले आवडते आणि ते आडनावापेक्षा अधिक स्वाभाविक वाटते.

परदेशी पाहुणे तुमच्याकडे गोव्याहून वर येतात. त्यांची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यायची असतेच, तेव्हा पासपोर्ट नीट पाहणे ओघाने आले. पासपोर्टच्या माहिती असलेल्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांपैकी पहिलीत देशाच्या संकेतानंतर आधी आडनाव, मग बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हे, आणि त्यानंतर स्वतःचे नाव, असा क्रम जगभर सारखा असतो. वरच्या छापील मजकुरावरून कळले नाही तरी तिथे कळते. स्पॅनिश माणसाला बहुधा दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे, आणि हाक मारताना पहिले किंवा दोन्ही घेतात, फक्त शेवटचे नाही. पोर्तुगीज रीतीत क्रम उलटा असतो, वडिलांचे शेवटी येते. चिनी, कोरियन आणि हंगेरियन लोक आपल्या भाषेत आडनाव आधी लिहितात. आइसलँडचे लोक एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, कारण त्यांच्याकडे शेवटचा शब्द सहसा 'अमक्याचा मुलगा' किंवा 'अमक्याची मुलगी' एवढाच असतो. हे सगळे पाठ करायची गरज नाही. 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' हा प्रश्न सगळ्या देशांत चालतो.

आता 'सर', 'काका' आणि बाकीचे. मालकांचा आग्रह चुकीचा नाही, अपुरा आहे. नाव कळण्यापूर्वी 'सर' आणि 'मॅडम' हे शब्द सर्वांत सुरक्षित आहेत, कारण त्यांत वयाचा किंवा नात्याचा अंदाज नाही. नाव कळल्यावरही दिवसभर फक्त 'सर' म्हणत राहणे म्हणजे रजिस्टर उगाच लिहिण्यासारखे झाले. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसमूहाने आपल्या सेवेच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत, त्यांपैकी पहिल्या म्हणजे स्वागताच्या आणि शेवटच्या म्हणजे निरोपाच्या पायरीत पाहुण्याचे नाव घ्यावे असे स्पष्ट लिहिले आहे. मधल्या पायरीत तसे म्हटलेले नाही. मला हे प्रमाण बरोबर वाटते. येताना एकदा, जाताना एकदा आणि मध्ये कामाच्या ओघात एखाद्या वेळी. प्रत्येक वाक्यात नाव घातले की ते विमा विकणाऱ्याच्या फोनसारखे वाटू लागते.

मराठी पाहुण्यांसाठी माझी पहिली पसंती आडनावापुढे साहेब किंवा सर, आणि बाईंसाठी पहिले नाव कळले असेल तर त्यापुढे ताई, नाहीतर आडनावापुढे मॅडम. 'बाई' हा शब्द आपल्याकडे शाळेत आदराचा आणि घरकामाच्या संदर्भात अगदी वेगळा आहे, तेव्हा तो टाळलेला बरा. पदवी असेल तर ती आधी. इथे एक चूक मी वारंवार पाहते: पती-पत्नी दोघेही डॉक्टर असतात, किंवा फक्त पत्नी डॉक्टर असते, आणि आपले कर्मचारी पतीला 'डॉक्टर' आणि पत्नीला 'मॅडम' म्हणून मोकळे होतात. सैन्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हुद्द्याने हाक मारावी. 'कर्नलसाहेब' या शब्दाने जे साधते ते 'सर'ने साधत नाही. पतीच्या आडनावावरून पत्नीचे आडनाव गृहीत धरू नये, आणि सोबत असलेली स्त्री पत्नीच आहे हेही गृहीत धरू नये, हे ओघानेच आले.

काका आणि काकू यांचे वेगळे आहे. निवास-न्याहारीच्या घरगुती व्यवस्थेत, जिथे पाहुणा आपल्या माजघरात जेवतो आणि घरच्या बाईंना स्वतःहून 'वहिनी' किंवा 'मावशी' म्हणतो, तिथे नात्याची हाक शोभते, कारण ती दोन्ही बाजूंनी असते. काउंटर असलेल्या हॉटेलात ती एकतर्फी होते आणि समोरच्याच्या वयाविषयीचा आपला अंदाज जाहीर करते. पंचेचाळीस वर्षांच्या, कार्यालयातून चार दिवस सुटी काढून आलेल्या बाईंना तिशीच्या कर्मचाऱ्याने 'काकू' म्हटले, तर त्या नाराज होणारच, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. नात्यानेच बोलायचे असेल तर दादा आणि ताई यांच्या पलीकडे जाऊ नये, एक पिढी कमीच धरावी. पाहुण्यांनी स्वतःच 'मला अण्णा म्हणा, सगळे तसेच म्हणतात' असे सांगितले की प्रश्न मिटतो. स्वयंपाकघरातील मंडळींना हे समजावताना 'काकू म्हणायचे नाही' असे फर्मान काढू नका. त्यांच्या भाषेतली माया खरी आहे आणि ती मालवणी जेवणाइतकीच पाहुण्यांना हवी असते. फक्त पहिल्या जेवणाला ताई आणि दादा, पुढचे पाहुण्यांच्या कलाने, एवढे ठरवा.

क्रियापदे आणि सर्वनामे यांत नावापेक्षा अधिक चुका होतात. मराठीत 'तुम्ही' पुरेसे आदराचे आहे. 'आपण' स्वागताच्या पहिल्या वाक्यात आणि लेखी मजकुरात शोभते, पण रोजच्या बोलण्यात 'आपण जेवायला किती वाजता जाणार?' असे विचारले की तुम्हीही सोबत जेवणार आहात की काय, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. मालवणीतला आपुलकीचा 'तू' गावात चालतो, पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला तो कळेलच असे नाही. आणि हिंदीत बोलताना तर फार सांभाळा. आपला 'तुम्ही' आदराचा, म्हणून आपण सहज 'तुम' म्हणतो, 'बैठो', 'आओ' म्हणतो. उत्तरेकडच्या पाहुण्याच्या कानाला ते बरोबरीचे किंवा खालचे वाटते. तिथे 'आप', 'आइए', 'बैठिए' याला पर्याय नाही. मी जिथे जिथे शिकवायला जाते तिथे हा एकच धडा दोनदा घेते, कारण चूक करणाऱ्याला आपण चुकलो हे कधीच कळत नाही आणि पाहुणा सांगत नाही.

खोलीत ठेवायच्या स्वागतपत्रावर नाव लिहिताना आणखी एक काळजी घ्या. हिंदीच्या प्रभावाने 'श्री. व श्रीमती' असे छापले जाते. परंतु महाराष्ट्रातील जुन्या पिढीत पती हयात असलेल्या स्त्रीसाठी 'सौ.' आणि विधवेसाठी 'श्रीमती' अशी रीत होती, त्यामुळे सत्तरीच्या आजींना आपल्या नावामागे 'श्रीमती' पाहून धक्का बसू शकतो. 'सौ.' लिहावे, तर ते वैवाहिक स्थितीचा अंदाज करणारे. मी दोन्ही सोडते आणि दोघांची पूर्ण नावे काहीही न लावता लिहायला सांगते, वर 'सप्रेम नमस्कार' पुरतो.

नाव कुठे घेऊ नये हे तितकेच महत्त्वाचे आहे. नाव आणि खोलीचा क्रमांक एकत्र, मोठ्याने, इतरांसमोर कधीही उच्चारू नये. क्रमांक किल्लीच्या पाकिटावर लिहून दाखवावा, विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत. फोनवर 'अमुक साहेब तुमच्याकडे उतरले आहेत का?' असे कोणी विचारले तर हो किंवा नाही यांपैकी काहीही न सांगता निरोप लिहून घ्यावा आणि तो पाहुण्यांना कळवावा. खोलीतून फोन आला की पडद्यावर दिसणारे नाव हे आरक्षणाचे असते, बोलणाऱ्याचे नसते. आवाज ऐकल्याशिवाय 'बोला देशमुख साहेब' म्हणू नये, पलीकडे त्यांची मुलगी असते. आणि पूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्याला, तो इतरांसोबत असताना, 'गेल्या महिन्यातच आला होतात ना?' असे आपण होऊन कधीच म्हणू नये. तो कोणासोबत आला होता आणि घरी काय सांगून आला होता, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याने स्वतः आठवण काढली तर आनंदाने दाद द्यावी.

त्याने आठवण काढण्याची मराठी पद्धत तुम्हाला लवकरच भेटेल: काउंटरवर हात ठेवून, हसत, 'काय, ओळखलंत का?' यावर 'हो हो, न ओळखायला काय झालं!' असे म्हणण्याचा मोह आवरा, कारण पुढचा प्रश्न 'मग सांगा बरं कोण?' असाच असतो. 'चेहरा नक्की ओळखीचा आहे, नाव मात्र आठवत नाही, सांगाल का?' हे उत्तर सरळ आहे आणि त्याने फारसे कोणी रागावत नाही. नाव कळले की लगेच रजिस्टरमध्ये मागचा मुक्काम शोधा. कोणती खोली होती, जेवणात काय वर्ज्य होते, हे पाहून रात्रीच्या ताटात त्याचा उपयोग केला की सकाळचे विसरणे भरून निघते. 'स्पेलिंग कसे लिहू?' अशी युक्ती करून नाव काढून घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. समोरच्याचे आडनाव राणे असले की ती युक्ती उघडी पडते.

शेवटी नोंदवहीविषयी. पुन्हा येणाऱ्यांसाठी एक वही किंवा सॉफ्टवेअरमधील शेऱ्याची जागा ठेवाच, पण त्यात काय लिहायचे याची मर्यादा पाळा. उच्चार, हाकेचे नाव, मुलांची नावे, खाण्याच्या सवयी, गुडघे दुखतात म्हणून खालची खोली, एवढे लिहावे. रंगरूप, धर्म, सोबत कोण होते, किती प्यायले, यांपैकी काहीही लिहू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, आपल्याविषयी कोणती माहिती डिजिटल स्वरूपात ठेवली आहे हे विचारण्याच्या अधिकाराची तरतूद आहे; तो भाग बाजूला ठेवला तरी, पाहुण्याने काउंटरवरून वाकून वाचले तर आपल्याला लाज वाटणार नाही असेच लिहावे. मागच्या खोलीत पाहुण्यांना ठेवलेली टोपणनावेही बंद करा. लहान हॉटेलांच्या भिंती पातळ असतात, आणि मागे सवयीने म्हटलेला शब्द पुढे तोंडातून निसटतो.

पाळी बदलताना मुक्कामी असलेल्या प्रत्येक खोलीसाठी तीनच गोष्टी सहकाऱ्याला तोंडी सांगा: नाव कसे उच्चारायचे, काय म्हणून हाक मारायची आणि आज त्यांचे काय राहिले आहे. स्वयंपाकघरातला एक जण त्या वेळी हजर असू द्या. पहिल्या आठवड्यात बाराही खोल्यांच्या मागे लागू नका. ज्या तीन खोल्यांचा मुक्काम सर्वांत लांब आहे त्यांची नावे पक्की करा, पुढच्या आठवड्यात सहा घ्या. मे महिन्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी बारा जमतील.